पन्नास रुपयांचा अर्ज, चाळीस हजारांचे घर

पाकिस्तानातून आलेल्या हिंदू कुटुंबाला २०१९ च्या दुरुस्ती कायद्याखाली भारतीय नागरिकत्वाचा अर्ज करायला ५० रुपये फी आहे. तेच कुटुंब बडोद्यात दोन खोल्या भाड्याने घ्यायला निघाले की पहिल्याच दिवशी चाळीस हजारांचा आकडा समोर येतो. समजा भाडे दहा हजार. दोन महिन्यांचे डिपॉझिट वीस, दलालाला एक महिन्याचे भाडे, पहिल्या महिन्याचे आगाऊ, झाले चाळीस. यात गादी नाही, गॅस नाही, पंखाही नाही. आणि एवढे मोजूनही घर मिळेलच असे नाही, कारण सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, "यांना इथे ओळखतं कोण?"

सगळा खर्च या प्रश्नातून निघतो. देश सोडून आलेल्याचा पैसा सरकारी शुल्कात फारसा जातच नाही. तो जातो ओळख नसल्यामुळे: जास्तीच्या डिपॉझिटमध्ये, दलालीत, 'काम करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या खिशात. त्यामुळे एखाद्या मंडळाला किंवा शेजाऱ्याला मदत करायची असेल, तर रोख रक्कम हातावर ठेवण्याआधी जामीन राहणे, करारनामा करून देणे आणि पोलीस नोंदणीला सोबत जाणे यांचा विचार करावा. त्याचा खर्च कमी आणि परिणाम टिकाऊ.

बडोद्याच्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वारसिया कसा उभा केला, हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिले आहे. आज फतेगंज, प्रतापगंज, सयाजीगंज भागात अनेक घरांच्या वरच्या मजल्यावर सयाजीराव विद्यापीठातले परदेशी विद्यार्थी राहतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या जेवणाच्या वेळा पाठ असतात, पण त्यांच्या व्हिसाची मुदत बहुधा ठाऊक नसते.

आधी कागद कोणता, ते पाहा

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. दारात उभा असलेला माणूस कायद्याच्या नजरेत आधी परदेशी नागरिक असतो. त्याची अडचण कितीही खरी असली तरी घरमालकाची जबाबदारी ठरते ती त्याच्या हातातल्या कागदावरून.

पहिली तऱ्हा पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती कुटुंबांची. त्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो. सगळे त्याला एलटीव्ही म्हणतात. तो एका वेळी पाच वर्षांपर्यंत देता येतो. २०१६ पासून एलटीव्हीवाल्यांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि स्वयंरोजगार यांची सोय आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हाही हिंदूंना आधी दिलेले एलटीव्ही चालू राहतील असे सरकारने स्पष्ट केले होते. त्या आठवड्यात घाबरून भाडेकरूला घर सोडायला सांगण्याचे काही कारण नव्हते.

दुसरी तऱ्हा विद्यार्थ्यांची. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले तेव्हा आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, शिष्यवृत्तीवर इथे शिकणारे अफगाण तरुण अडकले. शिक्षण संपत आलेले, घरी परतायची सोय नाही, घरून पैसे येणे बंद. अशा वेळी व्हिसा संपण्याच्या आधीच मुदतवाढीचा अर्ज करणे हाच सगळ्यात स्वस्त उपाय. मुदत उलटल्यावर दंड, खुलासे आणि फेऱ्या, सगळेच वाढत जाते.

तिसरी तऱ्हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे, म्हणजे यूएनएचसीआरचे, कार्ड असलेल्यांची किंवा ते मागणाऱ्यांची. ही माणसे बडोद्यात थोडी, कारण ते कार्यालय दिल्लीत आहे. नोंदणी, मुलाखत, कार्ड यांतल्या कशालाच पैसे पडत नाहीत. खर्च प्रवासाचा. बडोदे ते दिल्ली हजारेक किलोमीटर. चौघांचे स्लीपरचे जाणे-येणे आणि दोन दिवसांचे राहणे-खाणे धरले तर सहा-सात हजार हाताशी हवेत. या कार्डाने माणसाची ओळख पटते, पण ते व्हिसाची जागा घेत नाही.

आणि ज्याच्याकडे काहीच कागद नाही? इथे गोड बोलून उपयोग नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्यात वैध कागदांशिवाय देशात शिरण्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आहे. अशा माणसाला गुपचूप घरात ठेवणारा स्वतःही अडचणीत येतो. त्याच दिवशी वकील गाठा आणि वकिलासोबतच पोलिसांकडे जा. वकिलाला एका निकालाची आठवण द्या. कच्छमध्ये अडकवून ठेवलेल्या दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने म्हटले होते, की जिवाला धोका असलेल्या देशात माणसाला परत न पाठवण्याचे तत्त्व घटनेच्या २१ व्या कलमात सामावलेले आहे. अल कुतैफी प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल आहे, त्यामुळे तो इथे जवळचा.

पहिले चोवीस तास

परदेशी माणूस घरी राहायला आला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर करायची असते. लोक तिला फॉर्म सी म्हणतात. हा नियम फक्त हॉटेलांना आहे असा मोठा गैरसमज आहे. तो पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या वहिनींनाही आहे आणि वरची खोली भाड्याने देणाऱ्या निवृत्त मास्तरांनाही. शुल्क शून्य. पासपोर्ट व व्हिसाचा क्रमांक, फोटो, कुठून आला, किती दिवस राहणार, एवढे भरायचे. घरमालकाचे खाते एकदा उघडले की पुढच्या वेळी दहा-पंधरा मिनिटांचे काम. सायबर कॅफेवाला यासाठी पन्नास-शंभर रुपये घेईल, ते ठीक. कुणी हजार मागितले तर उठून या.

भाडेकरूचे काम वेगळे. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने सर्वसाधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करायची असते, पाकिस्तानी नागरिकाने चोवीस तासांत. अर्ज ऑनलाइन होतो. शहरात परदेशी नोंदणीचे काम पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येते, म्हणजे जेल रोडवरचे पोलीस भवन. शिवाय कोणताही भाडेकरू ठेवताना जवळच्या पोलीस ठाण्याला माहिती देण्याचे बंधन आयुक्तांच्या जाहीरनाम्याने घरमालकावर असते. ही तिन्ही कामे वेगवेगळी आहेत. एक केले म्हणून दुसरे होत नाही.

पासपोर्टची प्रत घ्या, मूळ पासपोर्ट ठेवून घेऊ नका. 'डिपॉझिट कमी आहे तर पासपोर्ट राहू दे' हा व्यवहार काही घरांत सर्रास चालतो. तो बेकायदा तर आहेच, शिवाय रात्री दोनला दवाखान्यात किंवा चौकीवर जायची वेळ आली की मूळ कागद नसलेला माणूस आणखी खोलात जातो.

करारनामा अकरा महिन्यांचा. गुजरातमध्ये एप्रिल २०२५ पासून वर्षाच्या आतल्या राहत्या घराच्या भाडेकराराला ५०० रुपये ठरीव मुद्रांक शुल्क आहे. टायपिंग आणि नोटरी धरून हजार-बाराशेत काम उरकते. करारात कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव लिहा, आजी आणि तान्ह्या बाळासह. पुढे एलटीव्हीला, शाळेला, बँकेला हाच कागद राहत्या जागेचा पुरावा म्हणून लागतो आणि नाव नसलेल्या माणसासाठी पुन्हा प्रतिज्ञापत्राचे तीन-चारशे जातात.

एक खास गुजरातचा मुद्दा. जुन्या शहराच्या बऱ्याच भागांना अशांत धारा लागू आहे. १९९१ च्या या कायद्याने अशा भागात मालमत्ता हस्तांतरित करायला कलेक्टरची परवानगी लागते, आणि पुढच्या दुरुस्तीने हस्तांतराची व्याख्या रुंदावली आहे. आपला वाडा किंवा सोसायटी त्या हद्दीत येते का, हे वकिलाला विचारूनच करारावर सही करा. सल्ल्याचे पाचशे रुपये इथे वाया जात नाहीत.

घर पाहताना भिंत पाहा

घर सुरक्षित आहे का, याचा बडोद्यातला पहिला प्रश्न चोराचा नाही, विश्वामित्रीचा आहे. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात काळा घोडा पुलापाशी नदी ३७ फुटांच्या आसपास पोहोचली होती. धोक्याची पातळी २६ फूट. फतेगंज, समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर भागांत तळमजले पाण्यात गेले, वीज गेली, आणि मगरी सोसायट्यांच्या आवारात फिरल्या त्या वेगळ्याच. आपल्यापैकी बहुतेकांचे नुकसान फ्रिज, सोफा, गाडीचे झाले. देश सोडून आलेल्या कुटुंबाचा पासपोर्ट भिजला तर नवा कुठून आणणार? ज्या देशातून पळून आला त्याच देशाच्या वकिलातीकडून.

म्हणून स्वस्त तळमजला दिसला की आधी जिन्याखालची भिंत बघा. रंग नवा असला तरी पाण्याची रेघ कोपऱ्यात, मीटरच्या पेटीमागे, दाराच्या चौकटीच्या खालच्या फुगलेल्या लाकडात दिसते. शेजारच्या दुकानदाराला पाणी कुठवर आले होते ते दाखवायला सांगा, तो कमरेला किंवा छातीला हात लावून दाखवेल. नदीकाठच्या भागात पहिल्या मजल्याला महिना हजार-दीड हजार जास्त पडत असतील, तर हा खर्च मंडळाने उचलावा. माझ्या मते मदतनिधीचा याहून चांगला उपयोग नाही.

कागदांसाठी झिपची जाड प्लॅस्टिक पिशवी, पन्नास रुपयांची, आणि ती लॉफ्टवर. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये आणि एका विश्वासू शेजाऱ्याकडे. मूळ पासपोर्ट, व्हिसाचे कागद, जन्मदाखले लॅमिनेट करू नका.

दार, वीज, गॅस

भाड्याच्या घरात दारावर डोळा आणि सेफ्टी चेन बसवायला सुताराच्या मजुरीसह पाच-सहाशे रुपये पुरे. आधीच्या भाडेकरूकडे चावी राहिली असण्याची शक्यता नेहमीच असते, म्हणून कुलूप बदला. चांगल्या कंपनीचे हजारेक रुपयांत येते. मागचे दार आणि गच्चीचे दार विसरले जाते. तिथे आतून जाड कडी हवी. हे काम घरमालकाने करून द्यावे. भाडेकरू निघून गेला तरी दार घरमालकाचेच राहते.

विजेवर मात्र काटकसर नको. जुन्या वाड्यांत अर्थिंग नावापुरते असते आणि गीझर एकाच बोर्डावर. वायरमनला बोलावून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवा. लोक त्याला सवयीने ईएलसीबी म्हणतात. मजुरीसह अडीच-तीन हजार. त्यावर एक 'टेस्ट'चे बटण असते. ते दाबले की घराची वीज खटकन गेली पाहिजे. न गेल्यास उपकरण बिघडले आहे. भाडेकरू आला त्या संध्याकाळी घरातल्या थोरा-मोठ्यांना हे बटण दाखवा, भाषा येत नसली तरी ते कळते. आयएसआय चिन्हाचा तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड, चार-पाचशेचा, घरात आधीच ठेवा. नवा आलेला माणूस रस्त्यावरचा शंभराचा बोर्ड घेतो आणि त्यावर इंडक्शन लावतो. आग लागायला तेवढे पुरते.

स्वयंपाकाच्या गॅसची खरी अडचण पत्त्याची. पाइप गॅस ज्या घरात आहे तिथे प्रश्नच नाही. एरवी पाच किलोचा छोटा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. ही अधिकृत योजना आहे. पहिल्या वेळी सिलिंडरची किंमत धरून दीड-दोन हजार, नंतर फक्त भरण्याचे. हे न सांगितल्याने लोक गल्लीतल्या भरणाऱ्याकडून काळ्या बाजारातला गॅस घेतात, तो महागही पडतो आणि फुटतोही. नळी आयएसआय चिन्हाची, नारिंगी, जाळीची. दोनेकशे रुपये. किलोभराचे एबीसी अग्निशामक नळकांडे सातशे ते बाराशेत येते. ते शेगडीच्या शेजारी टांगू नका, दाराजवळ ठेवा. शेगडी पेटल्यावर तिथपर्यंत पोहोचणार कसे?

सगळे धरून घर सुरक्षित करायला सहा-सात हजार होतात, दलालाला दिलेल्या एका महिन्याच्या भाड्याहून कमी.

एक सुरक्षा मात्र विकत मिळत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर 'आपल्याकडे अमुक देशातले कुटुंब राहायला आले आहे, मदत करा' असे फोटोसह टाकू नका. हेतू चांगला असतो, पण तो फोटो कुठे फिरेल ते सांगता येत नाही. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादला गुजरात युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहात घुसून परदेशी विद्यार्थ्यांना मारहाण झाली होती. वरच्या मजल्यावर कोण राहते हे पोलीस ठाण्याला, सेक्रेटरींना आणि दोन शेजाऱ्यांना ठाऊक असले म्हणजे पुरे.

जे फुकट आहे, ते फुकटच घ्या

मुलांची शाळा. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या 'प्रत्येक बालका'ला लागू आहे, नागरिक असण्याची अट त्यात नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेत फी नाही, दुपारचे जेवण आहे. मुख्याध्यापकांनी खळखळ केली तर कायद्याचे कलम १४ दाखवा, आणि भांडण्यापेक्षा सोबत जाणारा गुजराती बोलणारा शेजारी जास्त कामाला येतो.

आजारपणात सयाजी हॉस्पिटल, गोत्रीचे सरकारी रुग्णालय, जमनाबाई. रुग्णवाहिकेसाठी १०८, तीही मोफत. बाळांच्या लसी सरकारी केंद्रात मोफत, आणि लसीकरणाचे कार्ड पुढे राहण्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, ते जपा.

घरातल्याच माणसापासून बाईला धोका असेल तर १८१ अभयम. गुजरातची ही सेवा चोवीस तास चालते, फोनवर समुपदेशक असते आणि गरज पडली तर गाडी घरापर्यंत येते. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा परदेशी बाईलाही संरक्षण देतो, हे तिला कुणीतरी सांगायला हवे. 'पोलिसात गेलीस तर तुलाच देशाबाहेर काढतील' ही नवऱ्याची धमकी बहुतेक वेळा तेवढ्यावरच चालते. बाई आणि मूल यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, फोन १५१००. इतर संकटात ११२.

आधारची पहिली नोंदणी मोफत आहे. परदेशी नागरिकाचे आधार व्हिसाच्या मुदतीपुरतेच चालते, आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. पॅनला सव्वाशेच्या आत. बँकेत एलटीव्हीवाल्यांचे एनआरओ खाते उघडते. रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा नियम शाखेतल्या कर्मचाऱ्याला ठाऊक नसण्याची शक्यता गृहीत धरा आणि थेट मॅनेजरला भेटा. कुणी 'आठ दिवसांत आधार आणि मतदार कार्ड, पंधरा हजार' असे म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. बनावट मतदार कार्ड सापडले की खऱ्या नागरिकत्वाचाही अर्ज बुडतो आणि वर गुन्हा दाखल होतो.

एलटीव्हीला उशीर झालेल्या अल्पसंख्याक कुटुंबांना दंड फार नाही. हे पाठ ठेवा, कारण 'मोठा दंड बसेल, मी मिटवतो' म्हणणारे इथेच कमावतात.

नागरिकत्वाकडे दोन वाटा

३१ डिसेंबर २०१४ किंवा त्याआधी आलेल्या वर सांगितलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी २०१९ च्या कायद्याची वाट आहे. तिचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. अर्ज ऑनलाइन, फी ५० रुपये, मूळ कागदांची तपासणी डाक खात्याच्या अधीक्षकांच्या जिल्हा समितीपुढे, शपथही तिथेच. मुदत संपलेला पासपोर्ट चालतो. अर्जासोबत चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्र लागते, आणि ते देणे ही शेजाऱ्याने करायची सगळ्यात मोठी मदत. स्टॅम्प-नोटरीचे तीन-चारशे, बाकी फक्त तुमची सही. आठव्या अनुसूचीतली एक भाषा येत असल्याचे सांगावे लागते. सिंधी चालते, गुजराती चालते, मराठीही.

त्यानंतर कायदेशीर व्हिसावर आलेल्यांसाठी कलेक्टरची वाट. २८ मे २०२१ च्या आदेशाने ज्या तेरा जिल्ह्यांच्या कलेक्टरांना हे अधिकार मिळाले, त्यांत गुजरातेतले मोरबी, राजकोट, पाटण आणि वडोदरा होते. अविभाजित भारताशी नाते असलेल्यांना सात वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. पूर्वी हजारोंत असलेली फी २०१६ मध्ये १०० रुपयांवर आली.

सप्टेंबर २०२५ मध्ये एक सवलत निघाली: ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळाला कंटाळून आलेल्या याच समाजांच्या लोकांवर कागद नसल्याबद्दल कारवाई होणार नाही. अनेकांनी ती ऐकून नागरिकत्वाचीच तारीख दहा वर्षांनी पुढे गेली असे धरले. तसे नाही. ही इथे राहण्यापुरती मुभा आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच. या गैरसमजावर कुणी पैसे घेऊन अर्ज भरून देत असेल तर तो तुमचे पैसे बुडवतो आहे.

दोन्ही वाटांवर वास्तव्याचा पुरावा वर्षावर्षाचा लागतो. म्हणून घरमालकांनो, दर महिन्याला भाड्याची पावती द्या, भाडे रोख घेत असलात तरी. पाच हजारांच्या वर रोख असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करा. पावतीपुस्तक स्टेशनरीच्या दुकानात तीस-चाळीस रुपयांना मिळते. पावतीवर तारीख, पूर्ण पत्ता आणि भाडेकरूचे नाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने लिहा.